रंकाळेसाहेबाचा फेटा

सांगतो ते तुम्ही खरं मानणार नाही. नका मानू. तालमीच्या ह्या कट्ट्यावर बसून मी उभ्या जन्मात जे जे सांगितलं, ते कुणी खरं मानलेलं नाही, आणि त्यावाचून माझं कधी अडलं नाही. पण काल आमच्या तिरक्या मारुतीच्या तालमीनं एका बिल्डरला मानाचा फेटा बांधला, तेव्हापासून माझं डोकं तापलंय. बांधला तरी कसला! शिवलेला फेटा. टोपीसारखा उचलून डोक्यावर ठेवला, फोटो काढला, झाला मान. आमची तालीम कुस्तीइतकीच फुटबॉलची, आणि त्या गृहस्थानं जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही. पायरी चढताना धाप लागली त्याला. आणि ह्याच दारात, मी सांगतो तुम्हाला, एका माणसानं बांधलेला फेटा उतरवून वस्तादांच्या हातात परत दिला होता. तो माणूस गोरा होता, स्कॉटलंडचा होता, आणि आमच्याकडनं अनवाणी खेळला होता.

"झालं सुरू," समोरच्या उंबऱ्यावर लसूण सोलत बसलेली हौसाक्का म्हणाली.

हौसाक्का म्हणजे आमच्या इंगवले वस्तादांची लेक. वयानं माझ्याहून धाकटी, पण सगळी पेठ आक्का म्हणते म्हणून मीही म्हणतो. नवरा गेल्यावर माहेरी आली ती ह्या उंबऱ्यावरच बसली. माझी एकही गोष्ट तिनं चुकवलेली नाही आणि एकीलाही चांगलं म्हटलेलं नाही.

"तात्या, गोरा माणूस तालमीत?" संग्रामनं विचारलं. हा आमचा आत्ताचा गोलकीपर. पोरगं गुणी आहे, फक्त चेंडू सोडून सगळं पकडतं.

"तालमीत. मारुतीसमोर. कपाळाला कुस्तीच्या हौद्याची लाल माती लावून."

दुसरं महायुद्ध चाललं होतं. कोल्हापूरच्या स्टेशनामागं लष्करानं लाकडाचा डेपो उघडला होता. राधानगरीच्या, गगनबावड्याच्या जंगलातनं ओंडके यायचे, आम्ही ते कापायचे, आणि मिरजेच्या गाडीत बसून लाकूड लढाईला जायचं. मी तिथं करवत ओढत होतो. अंगात रग होती, पेठेच्या टीममध्ये हाफला खेळत होतो, आणि माझ्या मिशा तेव्हा लिंबू ठेवलं तर घरंगळणार नाही अशा होत्या.

"मिशा न्हवत्याच तुला," हौसाक्का.

डेपोवर राँकिन नावाचा सार्जंट आला. पेठेनं एका दिवसात त्याचा रंकाळे केला. उंच, तांबडालाल, कानावर पेन्सिल. बाप तिकडं जहाजं बांधायच्या कारखान्यात सुतार होता, त्यामुळं ह्याला लाकडाची नाडी कळायची. ओंडक्यावर नुसतं बसून तो आतल्या किड्याचं वय सांगायचा.

एका रविवारी आमची प्रॅक्टिस चालली होती आणि हा कुंपणाबाहेर उभा. चेंडू उडाला तो त्याच्याकडं. त्यानं तो छातीवर झेलला, छातीवरनं गुडघ्यावर घेतला, गुडघ्यावरनं टाचेवर, आणि टाचेनं मागं न बघता असा पाठवला की तो माझ्या पायाशी येऊन थांबला. मांजर येऊन बसतं तसा. वस्ताद बाकड्यावरनं उठले.

"केरबा, इच्यार त्याला, खेळतोस का म्हणावं."

"वस्ताद, गोऱ्याला?"

"चेंडूला रंग कळत न्हाई. पर बूट काढाय सांग. आपली पोरं उघड्या पायानं खेळत्यात. सगळ्यांची बोटं मला जाग्यावर पायजेत."

राँकिननं बूट काढले. मोजे काढले. पाय सोललेल्या मुळ्यासारखे. धुण्याच्या दगडावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पहिल्या दिवशी त्याच्या तळव्यांना फोड आले, दुसऱ्या रविवारी ते फुटले, तिसऱ्या रविवारी तो आमच्यासारखा खडीवरनं पळायला लागला. तालमीत शिरताना आम्ही मारुतीला वाकून हौद्यातली चिमूटभर माती कपाळाला लावायचो. तोही लावायचा, फक्त जरा जास्त, आणि घामानं ती नाकावर उतरायची.

एकच गोष्ट आम्हाला कळत नव्हती. खेळ झाला की वस्ताद सगळ्यांना बदामाची थंडाई द्यायचे. रंकाळेसाहेबाच्या पुढं लोटा आला की तो छातीवर हात ठेवून मान हलवायचा आणि कमरेची बाटली काढून स्वतःचं पाणी प्यायचा. केळं दिलं तर नको. चहा दिला तर नको. पण बुधवारी, खेळ नसताना, वस्तादांनी घरी जेवायला बोलावलं तर तीन वाट्या तांबडा रस्सा प्याला.

"पाच," हौसाक्का म्हणाली. "नाकाडोळ्यातनं पाणी गळत होतं, तरी आईपुढं वाटी धरत होता."

"पाच. मग पेठेनं निदान केलं की गोऱ्याचं पोट फक्त खेळाच्या दिवशी बिघडतं. कुणी ओवा सुचवला, कुणी नजर काढली. एवढी शहाणी पेठ, पण खरं कारण एकाच्याही डोक्यात आलं नाही."

त्या साली स्पर्धेत आम्ही सेमीफायनलला पोचलो. समोरची टीम दांडगी. सामना संपत आलेला, गोल कुणाचाच नाही. मी उजवीकडनं चेंडू दिला आणि राँकिननं तो हवेतच मारला. आता ऐका. तेव्हाचा चेंडू म्हणजे वर कातडं, आत रबराचा ब्लॅडर, तोंडाला नाडी. लाथ अशी बसली की नाडी तुटली, कातडं सुटं होऊन गोलात गेलं आणि ब्लॅडर भुर्रकन वरनं निघून गेला. रेफ्री कमरेवर हात ठेवून उभा. चेंडू म्हणायचं कशाला? आत गेलं त्याला का वर गेलं त्याला? दोन्ही बाजूंची माणसं मैदानात उतरली. तेव्हा वस्ताद रेफ्रीसमोर गेले आणि म्हणाले, "मास्तर, कातडं आत आलं म्हंजे माणूस आत आला. जीव कुठंबी जाऊ दे." रेफ्रीनं शिट्टी फुंकली. गोल!

संग्राम हसून हसून कट्ट्यावरनं खाली आला. "आणि ब्लॅडर, तात्या?"

"तो गंगावेशीत एक गवळी म्हशीची धार काढत होता, त्याच्या कासंडीत पडला. गिऱ्हाईक भांडलं, माप कमी भरलं म्हणून."

हौसाक्कानं लसणीची साल फुंकली.

संध्याकाळी तालमीच्या दारात ही गर्दी. जिंकून देणाऱ्याला वस्ताद स्वतःच्या हातानं फेटा बांधायचे. त्या काळात तो मान वर्षातनं एखाद्यालाच मिळायचा, काही वर्षं तर कुणालाच नाही. डाळिंबी रंगाचा फेटा होता, इचलकरंजीहून आणलेला. वस्तादांनी राँकिनला पाटावर उभा केला. तो उंच, म्हणून वस्ताद दुसऱ्या पाटावर चढले. एक एक फेर आवळत, शेमला पाठीवर सोडत, बांधला. माणूस असा दिसायला लागला की बायकांनी कानशिलावर बोटं मोडली. राँकिनचा चेहराही उजळला. दोन्ही हातांनी फेटा चाचपत त्यानं गर्दीला विचारलं, "यह किसलिए?"

पेठ एका आवाजात ओरडली, "गोल! गोल!"

त्याचं हसू गेलं. मी शेजारीच होतो, मी बघितलं. त्यानं सावकाश फेटा उतरवला. एकही घडी मोडू न देता गुंडाळला, दोन्ही हातांवर घेऊन वस्तादांच्या हातांवर ठेवला, आणि टाचा जुळवून सलाम ठोकला. तो सलामच जास्त झोंबला. मग अनवाणीच निघून गेला.

अरे, आमच्याकडं माणूस भाकरीसाठी वाकेल, देवापुढं लोळेल, पण चारचौघांत डोक्यावरचा फेटा काढून परत देणार नाही. ते म्हणजे नातं तोडणं. हलगीवाल्याचा हात तसाच हवेत राहिला. वस्ताद पाटावरनं उतरले. आवाज चढवला नाही त्यांनी.

"आजपास्नं ह्याला तालमीची पायरी बंद."

मी म्हणालो, "वस्ताद, येत्या इतवारी फायनल हाय. रणगाजी तालमीवाल्यांशी."

"मग हरू."

"साहेबाला आपल्यातलं कळत नसंल हो."

"मान कळाय भाषा लागत न्हाई, केरबा. कुत्र्याला कळतोय."

रात्रभर मी रागानं जळलो, आणि सकाळी डेपोवर राँकिनसमोर करवत आपटली. आता मला इंग्रजी किती येत होतं आणि त्याला हिंदुस्थानी किती येत होतं हे विचारू नका. भांडायला पुरेल एवढं दोघांनाही येत होतं.

"साहेब, हमारा इज्जत गया."

"लेता तो हमारा जाता, केरबा."

तो ओंडक्यावर बसला आणि मला बसवलं. म्हणाला, आमच्या क्लबात खेळण्याचं काही घ्यायचं नसतं. पैसा नाही, चहा नाही, बुटाची नाडीसुद्धा नाही. आठवडाभर कारखान्यात घाम गाळायचा, शनिवारी आपल्या खर्चानं मैदानावर जायचं, हजारो लोकांसमोर खेळायचं आणि आपल्या खर्चानं परत यायचं. जो घेईल तो बाहेर. फार पूर्वी एकानं तीन गोल मारले. गल्लीतल्या खाटकानं खूश होऊन त्याला बकऱ्याची मांडी दिली. घरात पोरं उपाशी होती, कारखान्यात काम नव्हतं. त्यानं घेतली. पुढच्या शनिवारी तो गेला तर कपडे अडकवायच्या त्याच्या खुंटीवर दुसऱ्याचा कोट.

"पोरं उपाशी असताना?" मी उसळलो. "आग लावा असल्या क्लबाला!"

"मीही तेच म्हणालो होतो," राँकिन म्हणाला. "तर तो म्हणाला, आग लावू नको. त्याच क्लबात जा, तिथंच खेळ, आणि काही म्हणजे काही घेऊ नको."

"कोण म्हणाला?"

"माझा बाप. मांडी त्यानंच घेतली होती. आम्हीच खाल्ली."

करवतीचा भुसा अंगावर उडत होता. तो झटकत मी म्हणालो, "साहेब, फेटा मजुरी नव्हे. मान आहे."

"मटणसुद्धा मानाचंच होतं, केरबा."

मी उठायला लागलो तर त्यानं माझा हात धरला. एवढा मोठा सार्जंट, पण तोंड शाळेतल्या पोरासारखं झालेलं. "गोलसाठी नको. दुसऱ्या कशासाठीही द्या. मी घेईन, घरी नेईन, बापाला दाखवीन. मला तो हवा होता रे. रंग बघितलास त्याचा?"

मी तसाच तालमीकडं पळालो. वस्ताद हौद्यात फावड्यानं माती उलटत होते. मी सगळं सांगितलं, बापाचं, मांडीचं, खुंटीचं. त्यांनी फावडं थांबवलं नाही.

"दुसऱ्या कशासाठी म्हंजे?" ते म्हणाले. "लगीन हाय त्याचं? का कोण मयत झालंय?"

"काय तरी कारण काढा की, वस्ताद."

"कारण काढून देत्यात ती लाच. मान न्हवं."

"अवो पर पोराला फेटा पायजे!"

"मग परत का दिला?"

सांगा आता! दोघंही खरे. दोघंही दगड. आणि मधे माझ्यासारखा माणूस चुन्यासारखा भाजून निघालेला. मला त्या गोऱ्याचा राग, वस्तादांचा राग, त्या खाटकाचाही राग. कुणी सांगितलं होतं त्याला दानधर्म करायला?

आणि बुधवारी हुकूम आला. राँकिनला बर्माला जायचं होतं, लढाईवर, उद्याच्या संध्याकाळच्या गाडीनं. मी करवत टाकून पुन्हा तालमीत.

"वस्ताद, कारण चालत आलं! लढाईवर चाललाय. आपल्या पेठेतली पोरं पलटणीत निघाली की तुम्ही स्टेशनवर जाऊन फेटा बांधता का न्हाई? ह्यात गोल न्हाई, खेळ न्हाई. त्याला घेता येतोय, तुम्हाला देता येतोय."

वस्तादांचं फावडं थांबलं. पहिल्यांदाच. हौद्याच्या कडेला बसले, हाताची माती बराच वेळ चोळत राहिले. "पेठेसमोर परत केलाय त्यानं, केरबा. पेठेसमोर." मग म्हणाले, "बघू."

"मग?" संग्राम पुढं सरकला. "बांधला का? का नाही?"

थांब. मधलं आधी सांगतो, नाहीतर राहील. रविवारी फायनल आम्ही हरलो. चेंडू आमच्या गोलात असा जात होता जसा पाहुणा सासुरवाडीत. आणि राँकिन पुढच्या पावसाळ्याच्या आत मेला. बर्मात, कुठल्याशा नदीवर. डेपोवरच्या नव्या साहेबानं मला भुशात उभं राहून सांगितलं, तुमचा फुटबॉलवाला गेला म्हणून, आणि त्याच दमात विचारलं, हा ओंडका किती फुटांचा? एक माणूस गेला त्याला तेवढाच वेळ. त्याच्या बापाला कुणी कसं सांगितलं असेल कुणाला ठाऊक. आणि आमच्या तालमीत? आत जाऊन बघ. ज्या दारात तो अनवाणी आला, त्या दारावर त्याचं नाव नाही, गाव नाही. भिंतीवर फोटो कुणाचा? कालच्या बिल्डरचा! हार घालून! जिवंत माणसाला हार घातलाय येड्यांनी, आणि मेलेल्याला विसरलेत.

"तात्या, तुम्ही चिडू नका. फेट्याचं सांगा."

सांगतो. गुरुवारची संध्याकाळ. मिरजेची गाडी लागलेली. राँकिन डब्याच्या दारात उभा, मी खाली. तो सारखा माझ्या डोक्यावरनं फाटकाकडं बघत होता. मी विचारलं नाही, कुणाची वाट बघतोस. गार्डनं हिरवं निशाण काढलं. आणि तेवढ्यात, संग्राम, हलगीचा आवाज!

फाटकातनं सगळी पेठ आत. पुढं वस्ताद. अंगात धुवट पैरण, हातांवर डाळिंबी फेटा. तिकीट विचारायला एक मास्तर आडवा आला, त्याला पैलवानांनी उचलून बाजूला ठेवला. वस्ताद सरळ डब्यापाशी आले. राँकिन खाली उतरला. स्टेशनवर पाट कुठला? राँकिन गुडघ्यावर बसला, लढाईचा माणूस, सगळ्या पेठेसमोर. वस्तादांनी बांधायला सुरुवात केली. एक फेर, दुसरा फेर. आणि शेवटचा खोचताना म्हणाले, "खेळाचा न्हवं हा. जातोयस म्हणून. माघारी ये, म्हणून." मी ते इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं, तर राँकिन म्हणाला, "समझा."

गार्ड निशाण खाली करून बघत उभा राहिला. गाडी थांबली होती आमच्यासाठी! वस्तादांनी राँकिनला उरी धरलं. मग गाडी सुटली, आणि तो दारात उभा, वाऱ्यावर शेमला उडतोय, आणि पार वळणापर्यंत तो डाळिंबी ठिपका दिसत होता. मेला तो त्या फेट्यासकट मेला. आमचा माणूस म्हणून मेला. मी ह्या डोळ्यांनी बघितलंय.

संग्राम दुसरीकडं बघायला लागला.

"केरबादा."

हौसाक्कानं लसणीचं ताट बाजूला ठेवलं होतं.

"तू आजवर कायबी सांगितलंस. मी कधी आडवलं न्हाई तुला. पर हे खोटं हाय."

"आक्का, तू लहान होतीस तेव्हा."

"लहान हुते म्हणून तर घरात हुते. माझा आबा स्टेशनवर गेलाच न्हाई. धुवट पैरण घातली, फेटा काढला, आणि हितं, ह्या उंबऱ्यावर येऊन बसला. फेटा मांडीवर. एकदा उठला, परत बसला. मी त्याच्या शेजारी. गाडीची शिट्टी झाली तवा मला म्हणाला, 'हौसे, गेली काय गं गाडी?'

मी म्हटलं, 'गेली, आबा.'"